तांबूचा ताबा

४ जानेवारी

प्रिय साडूबुवा,

नमस्कार. पाकिटाची जाडी पाहून दचकू नका. आतला मोठा कागद पत्र नाही, तक्ता आहे. त्याचं खाली लिहितो.

आधी हाताचं. बातमी तुमच्याकडे पोचली असणारच. आपण दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या, तेव्हापासून आपल्या घरांत गुपित म्हणून काही उरलेलं नाही. तर माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं, बावीस तारखेला. दहा वर्षांपूर्वी एका घरी माळ्याचं दार बसवताना शिडीवरून पडलो होतो, आठवत असेल. हात टेकला, मनगट सुजलं. मुरगळलंय म्हणून पट्टी बांधली आणि चौथ्या दिवशी रंधा मारायला लागलो. आता डॉक्टरीणबाई सांगतात, त्याच दिवशी आतल्या दोन हाडांना एकत्र धरणारा बंध तुटला होता. मनगटात म्हणे आठ बारकी हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळी. एक बंध गेला की ती सरकतात, एकमेकांवर घासतात, आणि वर्षानुवर्षांनी सगळं मनगट खाली बसतं. एक्स-रे पाहिला. सांधा सैल झालेली चौकट जशी एका कोपऱ्यावर बसते, हुबेहूब तशी. जन्मभर लोकांच्या चौकटी सरळ केल्या आणि माझीच बसली!

काय करायचं ते उघडल्यावर ठरणार. हाडांची एक ओळच काढून टाकतील, नाहीतर एक हाड काढून शेजारची चार एकमेकांना कायमची जोडतील. दोन महिने प्लास्टर, मग व्यायाम.

म्हणजे तेवढे दिवस दुर्बिणीला हात लागणार नाही. आणि इथंच तुमचं काम आहे.

तांबू, माझा तो लाल तारा, तुमच्या ओळखीचा आहे. चार वर्षांपूर्वी मीच तुम्हाला गच्चीवर नेऊन दाखवला. तेव्हा तुम्ही "हा? एवढासा?" म्हणाला होतात, ते मी विसरलेलो नाही. तो एवढासा दिसतो, पण त्याचं अंग फुगतं आणि आक्रसतं, आणि त्याबरोबर त्याचा उजेड चढतो-उतरतो. एक फेरा तीनशेवीस दिवसांचा. एकतीस वर्षं मी त्याच्या तेजाचे आकडे निरीक्षक मंडळाला पाठवतोय. आठवड्याला एक, पावसाळ्यातही ढगांच्या फटीतून, आणि क्रम एकदाही तुटलेला नाही. मंडळात दुसरं कोणी त्याच्याकडे बघत नाही, कारण तो माझा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

तक्त्यावर शेजारचे तारे आणि त्यांचे ठरलेले आकडे आहेत. तांबू कोणत्या दोघांच्या मधे बसतो ते बघायचं आणि अंदाज लिहायचा. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, हे पुन्हा सांगतो, कारण तुमच्या पाणीखात्यात मोठा आकडा म्हणजे मोठा नळ. माझ्या वहीप्रमाणे सध्या तो दहाच्याही पलीकडे, १०.३ आहे, तुमच्या हातातल्या दुर्बिणीत दिसायचाही नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत घाई करू नका. पूर्ण तेजावर तो मार्चच्या अखेरीस येईल.

आकडे मला पाठवा. मंडळाला मी कळवीन.

तुमचा,
थोरला साडू


१६ जानेवारी

आदरणीय भाऊ,

सा. नमस्कार. धाकटीनं तुमचं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर म्हणाली, "बघा, मनगट बसलंय तरी भाऊजींचं अक्षर कसं उभं आहे!" मी दिवसभर नकाशे काढतो, माझ्या अक्षराबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलेलं नाही. पण ते असो. आमच्या घरात जे जे सरळ उघडतं आणि सरळ मिटतं, ते सगळं तुम्ही केलेलं आहे. तिनं तुमचं कौतुक करू नये तर कोणाचं करावं?

तुम्ही घाई करू नका म्हणालात. मी केली, क्षमस्व. पाण्याच्या टाकीजवळच्या गच्चीवर संध्याकाळी जेवणाआधी जातो, तिथे उत्तरेला दिवे नाहीत. बारा तारखेला गेलो, चौदाला पुन्हा गेलो. तक्ता दहा वेळा फिरवून पाहिला. भाऊ, मला तांबू दिसतोय. चांगला ठळक दिसतोय. माझा आकडा ८.४ येतो. तुमच्या वहीप्रमाणे तो १०.३ असायला हवा.

एक तर मी भलत्याच ताऱ्याकडे बघतोय, नाहीतर माझी नजर बिघडली आहे. तिसरी शक्यता लिहायची माझी प्राज्ञा नाही. पण रंग लाल आहे, जागा तीच आहे, शेजारी तेच आहेत. काय करू ते कळवा.

ऑपरेशनची काळजी करू नका. ताईंना नमस्कार.

आपला,
धाकटा साडू


५ फेब्रुवारी

साडूबुवा,

डाव्या हातानं लिहितोय. ओळी खाली घसरतात. हसू नका.

ऑपरेशन झालं. खांद्याजवळ सुई टोचून फक्त हात बधिर केला, मी जागा होतो. पडदा लावला होता, पण कान उघडे होते. ड्रिलचा आवाज माझ्याच कारखान्यातला. मी म्हटलं, "बाई, बिट बोथट झालंय." पडद्यामागून आवाज आला, "तुम्ही तुमच्या हाताचे मालक आहात, इथले फोरमन नाही." तिखट आहेत. पण हात चांगला.

ओळ काढून भागणार नव्हतं. मधल्या हाडाचं डोकंच झिजलं होतं. म्हणून होडीसारखं एक हाड काढलं आणि शेजारची चार जोडली, धातूच्या तारा घालून. लाकूड जोडताना शिकंजा लावतो तसंच.

तुमचा आकडा चूक आहे. लाल ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो आहे त्याहून तेजस्वी वाटायला लागतो. नवख्यांचं असंच होतं. झटकन बघायचं आणि नजर काढायची.

मंडळाला काही पाठवू नका.

थोरला


२४ फेब्रुवारी

आदरणीय भाऊ,

सा. नमस्कार. तुमचं डाव्या हाताचं अक्षर पाहून धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांतही आलं असतं, पण मी शेवटून तिसऱ्या ओळीवर अडकलो होतो.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. झटकन बघितलं, नजर काढली, पुन्हा बघितलं. एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. आमच्या ऑफिसातल्या टंकलेखक बाईंना तारे-बिरे काही कळत नाहीत. त्यांना गच्चीवर नेलं, दुर्बीण हातात दिली, आणि कोणता तारा बदलता आहे ते न सांगता फक्त विचारलं, "या चारांत जास्त उजळ कोणता?" त्या म्हणाल्या, "हा लालसर. यात विचारायचं काय?" धाकटीनंही तेच सांगितलं, आणि ती माझ्या बाजूनं सहसा बोलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

पंधरा फेब्रुवारीला आकडा ७.१ होता. तिथून आता उतरायला लागला आहे. म्हणजे तांबू पूर्ण तेजावर येऊन गेला, भाऊ. तुमच्या तारखेच्या सहा आठवडे आधी!

मी तुम्हाला दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. हाताला त्रास असेल म्हणून मग सगळे आकडे सरळ मंडळाच्या चिटणिसांना पाठवले. तुम्ही नको म्हटलं होतंत, पुन्हा विचारायला हवं होतं, मान्य आहे. त्यांचं उलट टपाली पत्र आलं. ते लिहितात की असे तारे म्हातारपणी आतून बदलतात, त्यांचा फेरा आखूड होत जातो, पण तो होताना कोणाच्या तावडीत सापडणं म्हणजे जन्मातून एखाद्या वेळचं काम. शेवटी लिहिलंय, "आपलं मनःपूर्वक अभिनंदन."

भाऊ, मी बावीस वर्षं पाण्याचे नळ जमिनीखाली कुठून जातात त्याचे नकाशे काढतो. ते नकाशे कोणी बघत नाही, नळ फुटला तरच बघतात. माझं अभिनंदन आजवर कोणी केलेलं नव्हतं. ते पत्र मी खिशात घेऊन फिरतोय. मंडळाच्या पुढच्या पत्रिकेत माझं नाव छापून येणार आहे. तुमच्या नावाशेजारी यावं अशी माझी फार इच्छा आहे.

आपला,
धाकटा साडू


३ मार्च

श्री. साडूसाहेब,

हे पत्र तुमच्या ताईला सांगून लिहून घेतोय, कारण डाव्या हातानं रागावता येत नाही.

अभिनंदन. एक संध्याकाळ टंकलेखक बाईला गच्चीवर नेलं आणि एकतीस वर्षांची वही खोटी ठरवली. मी तुम्हाला माझ्या घरचा एक तारा सांभाळायला दिला होता. शेजाऱ्याकडे कोणी किल्ली ठेवायला दिली तर शेजारी घराच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावत नाही.

चिटणिसांना मीही लिहिलं आहे. माझ्या वहीतले गेल्या वर्षाचे आणि या जानेवारीपर्यंतचे आकडे पाठवले. त्यांत तांबू नेहमीसारखाच चाललेला आहे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. बावीस जानेवारीनंतर त्यानं एकाएकी उडी मारली असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. तुम्ही ज्याच्याकडे बघत होतात तो तांबूच होता हे तरी कशावरून? दुर्बीण हातात धरली म्हणून कोणी निरीक्षक होत नाही. कागदावर निळी रेघ ओढली म्हणून नळाला पाणी येत नाही, हे तुमच्या खात्याला तरी कळत असेल.

प्लास्टर अजून महिनाभर आहे. बोटं हलतात.

थोरला

ता. क. — भाऊजी, हे सगळं मी यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे, माझ्या मनाचं एक अक्षर नाही. धाकटीला सांगा, यांची झोप उडाली आहे. — ताई


२७ मार्च

आदरणीय भाऊ,

पत्रिका मिळाली. तुम्हालाही मिळाली असेल, पण पान नववं वाचायचं राहिलं असेल तर इथे उतरवून देतो: "एका नव्या निरीक्षकाने कळवलेले अकाली तेजाचे आकडे ज्येष्ठ निरीक्षकांच्या अखंड नोंदींशी जुळत नसल्यामुळे वगळण्यात आले आहेत. नवोदितांनी ताऱ्याची ओळख पक्की करूनच आकडे पाठवावेत."

नावही घातलं नाही. तेवढी दया केली.

ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. टंकलेखक बाई रोज विचारायच्या, "आला का आपला तारा छापून?" काल त्यांना पान दाखवलं. त्या वाचून म्हणाल्या, "पण मी तर बघितला होता." धाकटी संध्याकाळी एवढंच म्हणाली, "भाऊजी इतकी वर्षं बघताहेत, तेही काही उगीच म्हणणार नाहीत." मी जेवणावरून उठलो. असं मी लग्नानंतर पहिल्यांदा केलं.

आता माझा एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्या किंवा देऊ नका. गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या सुमारास ताईंनी धाकटीला लिहिलं होतं की तुम्हाला उजव्या हातानं कप उचलता येत नाही, शर्टाची बटणं त्या लावतात. ते पत्र काल मी कपाटातून काढून पुन्हा वाचलं. तुमची मोठी दुर्बीण बावीस किलोची आहे. तुम्हीच मला वजन सांगितलं होतं. गच्चीचा जिना तुमच्याकडे अरुंद आहे, दोन माणसं एकावेळी जेमतेम मावतात. आणि ताई लिहितात की त्यांनी गच्चीवर दोन वर्षांत पाऊलही टाकलेलं नाही, त्यांचे गुडघे धरतात.

मग भाऊ, दर आठवड्याला दुर्बीण वर कोण नेत होतं?

यापुढे मी पत्र लिहिणार नाही.

धाकटा साडू


११ जून

प्रिय साडूबुवा,

कोणी नेत नव्हतं.

हे तीन शब्द लिहायला मला अडीच महिने लागले. आता उजव्या हातानं लिहितोय. अक्षर मोठं येतं, पण माझं आहे.

आधी सगळं सांगतो, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि मनगटात नुसती आग. मी जिन्याच्या तळाशी दुर्बिणीला हात लावून उभा राहिलो, आणि उचललीच नाही. आत येऊन वही उघडली. तांबू कुठे असेल ते मला पाठ होतं. चौतीस फेरे पाहिले होते. आकडा लिहिला. एकच. पुढच्या आठवड्यात दुसरा. हात बरा झाला की पुन्हा बघू, असं रोज म्हणायचो. चौदा महिने झाले. चौदा महिन्यांचे सगळे आकडे मी खोलीत खुर्चीवर बसून लिहिलेले आहेत. कधी तर पाऊस पडत होता, म्हणून त्या आठवड्याची तारीख दोन दिवस पुढे घातली. इतका मी व्यवस्थित आहे.

कशासाठी? क्रम तुटू नये म्हणून. पत्रिकेत दर वर्षी छापून यायचं, "अखंड". त्या एका शब्दासाठी.

तुमचं जानेवारीतलं पत्र आलं, ८.४ वालं, तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही चुकला नव्हतात. तुम्ही नळाची रेघ अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे होऊ देत नाही, तुम्ही तारा चुकवाल? तुम्ही बरोबर आहात हे पहिल्या वाचनात समजलं, आणि त्यानंच माझ्या पोटात दुखायला लागलं. चूक असतात तर मी तुम्हाला प्रेमानं समजावलं असतं.

साडूबुवा, एकतीस वर्षं तो माझ्यासमोर एकच गोष्ट करत राहिला. फुगला, आक्रसला, फुगला, आक्रसला. मी कंटाळलो नाही. लग्नं सोडली, कार्यं सोडली. आणि वेगळं काही करायचं त्याच्या मनात आलं ते मी पाठ फिरवल्यावर! तेही कोणासमोर? ज्यानं त्याला "एवढासा" म्हटलं त्याच्यासमोर. तुमचं ते अभिनंदनाचं पत्र तुम्ही खिशात घेऊन फिरता हे वाचलं, आणि मी तुमच्या ताईला म्हटलं, "कागद घे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिनं लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. मी उचलून दिलं.

मार्चअखेर प्लास्टर निघालं, हाडांतल्या तारा काढल्या. आत चार हाडांचं एक हाड झालंय. आता मनगट पूर्वीच्या निम्मं वाकतं. मूठ हळूहळू येतेय. रंधा पूर्वीसारखा चालणार नाही, तिरका धरायला शिकतोय. व्यायामाच्या खोलीत एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "खरं सांगा, ऑपरेशनच्या आधी किती दिवस दुखत होतं?"

मी म्हटलं, "सहा महिने."

त्यांनी पहिला एक्स-रे काचेवर लावला. म्हणाल्या, "ही झीज सहा महिन्यांची नाही. मला खोटं सांगून तुम्हाला काय मिळतं? मी काही तुम्हाला नापास करणार नाही. लवकर आला असता तर बंध शिवून भागलं असतं, हाड काढावं लागलं नसतं."

मी म्हटलं, "कामात खंड पडला असता."

त्या म्हणाल्या, "आणि आता?"

साडूबुवा, त्या बाईंना तांबूचं काही ठाऊक नाही. पण मी तिथून उठलो तो सरळ घरी आलो. आल्यावर तुमच्या ताईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते पत्र मी खोटं लिहिलं. माझ्या हातानं." चार दिवस तिनं माझ्या शर्टाची बटणं लावली नाहीत. मला लावता येत नव्हती. अर्धा अर्धा तास लागायचा. लावली.

मग मेच्या शेवटी आभाळ मोकळं असताना तीच म्हणाली, "चला, बघून तरी येऊ." दुर्बिणीचं एक टोक तिनं धरलं, एक मी डाव्या हातानं. तिच्या गुडघ्यांना आणि माझ्या मनगटाला तो जिना एकावेळी चढवणं हा एक तमाशाच होता. प्रत्येक पायरीवर थांबत होतो आणि एकमेकांवर ओरडत होतो. वर गेलो. माझ्या वहीप्रमाणे तांबू तेव्हा नऊच्या आसपास असायला हवा होता. तो साडेदहाच्याही पलीकडे मंद झाला होता. तुमच्या तारखेपासून मोजलं तर बरोबर जिथे असायला हवा तिथे.

तिला दाखवला. म्हणाली, "हा?" आणि तिथेच आवरलं. बहुधा "एवढासा" म्हणणार होती.

चिटणिसांना काल पत्र टाकलं. चौदा महिन्यांचे आकडे खोटे आहेत, ते कापा, आणि माझ्या नावापुढचा "अखंड" काढा, असं लिहिलं. नवव्या पानावरच्या मजकुराबद्दल तुमच्या नावानं खुलासा छापा, असंही लिहिलं. प्रत सोबत आहे. तुमच्या टंकलेखक बाईंना दाखवा.

तुम्ही पत्र लिहिणार नाही म्हणालात. लिहू नका. वाचलंत तरी पुष्कळ.

तुमचा,
थोरला साडू


१ जुलै

आदरणीय भाऊ,

सा. नमस्कार. वाचलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की पत्र फाडायला घेतलं, मग आठवलं की आत पुराव्याची प्रत आहे.

माफ केलं असं लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. अजून केलेलं नाही. न करता लिहिलं तर तोही खुर्चीवर बसून लिहिलेला आकडा होईल. नवव्या पानाचा विचार आला की अजून कानशिलं तापतात. कमी होतंय, एवढं खरं सांगू शकतो.

पण तुम्ही एवढं उघड लिहिलंत, तर माझंही एक ऐका. तुमच्या ऑपरेशनची तारीख ताईंच्या पत्रात कळली, तेव्हा धाकटी रडायला लागली. मी तिला धीर दिला, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन कॅलेंडरवर आठवडे मोजले. तुमचं मनगट किती दिवसांत बरं होईल ते नव्हतो मोजत. तांबू किती दिवस माझ्याकडे राहील ते मोजत होतो. तुमचं पत्र येण्याच्या आधीची ही गोष्ट. तुम्ही दुसऱ्या कोणाला सांगाल या धास्तीनं दोन रात्री मला झोप नव्हती. मला आनंद झाला होता, भाऊ. लग्नात सगळ्यांनी तुमच्या हाताच्या कामाची तारीफ केली त्या दिवसापासून मी तुमच्यात एखादं वैगुण्य शोधत होतो. आणि तुम्ही मला बोलावून आपल्या हातानं तारा दिलात.

चिटणिसांचं पत्र आलं. पुढच्या अंकात खुलासा येतो आहे, नावासकट. माझ्या आकड्यांवरून आणि तुमच्या जुन्या, खऱ्या आकड्यांवरून ते फेरा आखूड होत गेल्याचा आलेख काढणार आहेत. तुमचे तीस वर्षांचे आकडे नसते तर माझ्या दीड महिन्याच्या आकड्यांना काही किंमत नव्हती, हे त्यांचं वाक्य आहे. मला ते आवडलं नाही, पण खरं आहे म्हणून कळवतो.

आणखी एक. यापुढे तांबूची जबाबदारी मी घेईन का, असं त्यांनी विचारलं आहे. धाकटी म्हणाली, "भाऊजींना आधी विचारा." मी विचारलं नाही. तुम्हाला लागेल हे ठाऊक होतं, तरी मी हो म्हटलं. हो म्हणून टपालपेटीत पत्र टाकून आलो आणि मग तुम्हाला हे लिहायला बसलो. क्रम असा आहे, तो लपवत नाही.

टंकलेखक बाईंना प्रत दाखवली. त्या म्हणाल्या, "बघा, मी सांगत होते."

आपला,
धाकटा साडू


९ जुलै

प्रिय साडूबुवा,

लागलं. विचारलं नाहीत म्हणून सांगतो, चांगलंच लागलं. दोन दिवस कशाला चव नव्हती. कारखान्यात एक साधी खिडकी तीनदा मोजली आणि तीनदा वेगळी आली. तुमची ताई म्हणाली, "हे मनगटाचं दुखणं नव्हे." मी म्हटलं, "तू गप्प बस." ती गप्प बसली नाही.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं, दुसऱ्या कोणी घेतला असता तर? कोणी परका? तर मी अंथरूण धरलं असतं. त्यापेक्षा तुम्ही बरे. याहून गोड मला लिहिता येत नाही, आणि खोटं लिहायचं सोडलं आहे.

कॅलेंडरचं वाचून मी मोठ्यानं हसलो. इतके दिवस मी एकटाच सडका आहे असं वाटत होतं. मंडळींसमोर तुम्ही इतके साधे दिसता की काय सांगू!

आता कामाचं. तांबू ऑगस्टात पार तळाला जाईल, तेव्हा तुमच्या हातातल्या दुर्बिणीत काही दिसायचं नाही. मोठी दुर्बीण लागेल आणि ती माझ्याकडे आहे. ती मी देणार नाही. जबाबदारी दिली, दुर्बीण नाही. बघायचं असेल तर धाकटीला घेऊन इकडे यावं लागेल, आणि ढग फाटेपर्यंत राहावं लागेल. दोघी बहिणी खाली बसून आपल्या दोघांबद्दल काय बोलायचं ते बोलतील. डॉक्टरीणबाईंनी मला आणखी दोन महिने पाच किलोच्या वर उचलू नका म्हणून बजावलंय, तेव्हा दुर्बिणीची नळी तुम्ही उचलायची. मी पुढे दिवा घेऊन चालेन आणि सूचना देईन.

वर गेल्यावर आधी मी बघणार, मग तुम्ही. तोंडानं कोणी काही बोलायचं नाही. आपापला आकडा आपापल्या कागदावर लिहायचा, हात आडवा धरून, परीक्षेत धरतात तसा. मग दोघांनी एकदम कागद उलटायचे. तुमचा माझ्याहून बरा निघाला, तर मी त्या संध्याकाळी तुमच्याशी बोलणार नाही. सकाळी चहाला बोलेन.

शनिवारी या.

तुमचा,
थोरला साडू